रॅपमधून टीका करायची तर काय बोलायचं, कसं बोलायचं आणि किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या टँकरवर जगणाऱ्या एका गावातला कॉलेजचा मुलगा, त्याने पाणीटंचाईवर रॅप लिहिलाय. घरचे म्हणतायत भानगडीत पडू नको, पोलीस केस होईल. मित्र म्हणतायत रॅपने कुठं काय बदलतं. आणि एक सर म्हणाले की आपली शाहिरी असताना हे अमेरिकन फॅड कशाला. त्याला विचारायचंय की हिप हॉप, म्हणजे रॅप ज्यातून आलं ते, हा खरंच समाजावर टीका करायचा आवाज आहे का, आणि आपल्याकडे नक्की किती बोलता येतं. सोबत त्याने गाण्यातल्या तीन ओळी दिल्यात:

नेते आम्हाला लुटतात, पैसे खिशात भरतात
शेतकरी इथं मरतात, हे एसीत मजा करतात
दम नसेल तर साहेब हातात बांगड्या भरा

मी गेली बरीच वर्षं मराठी-हिंदीत रॅप लिहितोय आणि मुंबईतल्या वस्त्यांमधे पोरापोरींबरोबर लिखाणाचे वर्कशॉप घेतोय, त्यामुळे उत्तर जरा लांब होणार.

आधी सरांच्या मुद्द्याचं बोलू. हिप हॉप अमेरिकेतलंच आहे, ते मान्य करायला काहीच हरकत नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधे, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या बिल्डिंगच्या हॉलमधे एका बहिणीने शाळेच्या नव्या कपड्यांना पैसे जमवायला पार्टी ठेवली, तिकीट मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५०, आणि रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ. भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात ज्या ठिकाणी नुसता ड्रम वाजतो तिथे लोक जास्त नाचतात, म्हणून तो दोन टर्नटेबलवर त्याच रेकॉर्डच्या दोन कॉपी लावून तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा, आणि वर माईकवर काहीतरी बोलायचा. त्या काळचा ब्राँक्स कसा होता तर एक्सप्रेसवेसाठी वस्त्याच्या वस्त्या पाडलेल्या, मालकांनी सोडून दिलेल्या बिल्डिंगी, सत्तरच्या दशकात रात्री-बेरात्री लागणाऱ्या आगी. तरी पहिली नऊ वर्षं तिथल्या गाण्यांत बहुतेक पार्टी, नाच आणि मीच कसा भारी हेच होतं. टीका जन्मापासून सोबत आलेली नाही, हे लक्षात ठेव.

ती ठळकपणे आली १९८२ मधे, ‘द मेसेज’ या गाण्याने. रेकॉर्डवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं, पण लिहिलंय मुख्यतः ड्यूक बूटीने, सोबत मेली मेल. ग्रुपमधल्या बाकीच्यांना ते करायचंच नव्हतं, त्यांना वाटत होतं पार्टीला आलेल्या माणसाला घरातली रडगाणी कोण ऐकवणार. आणि ते गाणं ऐकशील तर त्यात सरकार मुर्दाबाद असं कुठेच नाही. फुटलेल्या काचा आहेत, जिन्यातला मुताचा वास आहे, उंदीर-झुरळं आहेत, उसनवारी वसूल करायला आलेला माणूस आहे. एवढं सांगून तो माणूस म्हणतो की मला ढकलू नका, मी काठावर उभाय. ऐकणाऱ्याला राजकारण आपोआप कळतं.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. रॅपची ताकद आवाज चढवण्यात नाहीये, त्यात शब्द मावतात ही त्याची ताकद आहे. हिशोब करून बघ, ९० बीपीएमची म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांची बीट, एका बारला चार ठोके, १६ बार म्हणजे ६४ ठोके, म्हणजे साधारण ४३ सेकंद. एका बारमधे मराठीचे सहा-सात शब्द आरामात बसतात, म्हणजे १६ बारच्या एका व्हर्समधे, कडव्यात म्हण, शंभरेक शब्द. तीन व्हर्सचं गाणं केलंस तर तीनशे शब्द झाले, एवढ्यात पेपरातली एक अख्खी बातमी बसते, नावागावासकट, आकड्यांसकट. भावगीताला किंवा सिनेमाच्या गाण्याला ही जागाच नसते. मग एवढी जागा हातात असताना तू तीही लुटतात-भरतात-मरतात मधे घालवलीस तर ते नुकसान आहे.

आता तुझ्या ओळी. पहिल्या दोन ओळींत जे झालंय ते मराठीत लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे -तात -तात, -ला -ला, -णार -णार असा यमक फुकट मिळतो. कुठलंही वाक्य घे आणि शेवटी करतात लाव, जुळलंच. आणि यमक फुकट मिळायला लागला की डोकं पुढचा विचार करायचं थांबतं, कारण ओळ तर पूर्ण झालीये ना. नेते लुटतात ही ओळ गडचिरोलीत चालेल, पनवेलला चालेल, दुसऱ्या देशात पण चालेल. मग तुझ्या गावाचं त्यात काय आहे?

वर्कशॉपमधे मी पहिल्या दिवशी एकच काम देतो, ओळीच्या शेवटी क्रियापद नको. नाम आण, आकडा आण, जागेचं नाव आण. मग झक मारत माहिती शोधावी लागते. तुझ्या गावाला सरकारी टँकर मंजूर असेल तर दिवसाला किती खेपा मंजूर आहेत ते कागदावर असतं, टँकरचं लॉगबुक असतं, त्यावर सह्या होतात. ग्रामपंचायतीत विचार, आणि प्रत्यक्षात किती खेपा येतात ते आठ-दहा दिवस वहीत मांड. समज मंजूर तीन आहेत आणि येते एक. तर ओळ अशी होऊ शकते:

मंजूर खेपा तीन, आली फक्त एक
शाळा बुडवून रांगेत उभी सातवीतली लेक

ह्यात चोर शब्द नाही, शिवी नाही, नेत्याचं नाव नाही. पण ऐकणारा लगेच विचारतो की बाकीच्या दोन खेपा गेल्या कुठे. तो प्रश्न त्याच्या तोंडातून निघाला पाहिजे, तू ओरडून सांगण्यापेक्षा त्याचं वजन जास्त. आणि उद्या कुणी म्हणालं की हा खोटं बोलतोय, तर तुझ्याकडे वही आहे. अजून एक बघ, पहिल्या ओळीत ‘तीन’ नंतर छोटा पॉज घेता येतो, बीटवर तिथे स्नेअर ड्रमचा ठोका पडू दे आणि मग ‘आली फक्त एक’ रिकाम्या जागेत टाक. शब्द तेच, पण आकडा ठसतो.

तिसरी ओळ काढून टाक. बांगड्या भरा म्हणजे बायकांसारखे दुबळे आहात, हाच अर्थ ना? तुझ्या गावात दोन-दोन किलोमीटरवरून पाणी कोण आणतंय, टँकर आल्यावर विहिरीच्या काठावर जीव धोक्यात घालून पोहरे कोण टाकतंय? बांगड्या घातलेलेच हात ना ते. ज्यांच्या बाजूने गाणं लिहिलंय त्यांनाच त्यात शिवी बसतेय. हिप हॉपमधे बायकांविषयी घाण बोलण्याची मोठी परंपरा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही, आणि त्याला उत्तरही हिप हॉपमधूनच आलंय, क्वीन लतीफाने १९९३ मधे रस्त्यावरच्या छेडछाडीवर आणि घरातल्या मारहाणीवर गाणं केलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. मी शिव्यांच्या विरोधात नाही, कधीकधी शिवी हाच खरा शब्द असतो, पण आई-बहिणीवरून आणि जातीवरून दिलेली शिवी वरच्या माणसाला लागतच नाही, ती खालीच येऊन पडते.

शाहिरीचं म्हणशील तर सरांचं अर्धं बरोबर आहे. १९४४ मधे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरणगावात, नाक्यांवर, मैदानांत कामगारांपुढे जे केलं ते ऐकल्याशिवाय मराठीत टीकेचं गाणं लिहायला बसूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. वामनदादा कर्डक, विलास घोगरे, संभाजी भगत, ही सगळी माणसं आपली आहेत. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांचा गोळीबार झाला, दहा माणसं गेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच विलास घोगरेंनी जीव दिला. गाणाऱ्या माणसाला हे किती आतपर्यंत लागतं याचा विचार केला की मला आजही गलबलून येतं.

पण पोवाडा आणि रॅप एकच आहेत असं जे सगळे म्हणतात ते मला पटत नाही. झीलकरी जी जी रं म्हणत मागून आवाज देतात आणि रॅपमधे हाइप मॅन, म्हणजे रॅपरचा साथीदार, ॲडलिब म्हणजे मधेमधे छोटे शब्द-आवाज देतो, एवढं साम्य खरं आहे. फरक असा की शाहीर ‘ऐका’ म्हणून सुरुवात करतो आणि दुसऱ्याची गोष्ट सांगतो, त्याच्या मागे पथक असतं, बहुतेक वेळा संघटना असते. रॅपर ‘मी’ म्हणून सुरू करतो. मी इथे राहतो, माझ्या नळाला पाणी नाही, मला पोलिसाने हे विचारलं. ज्याच्यामागे पक्ष नाही, पथक नाही, फक्त मोबाईल आणि एक फ्री बीट आहे, अशा पोराला किंवा पोरीला बोलायला लावणारं हे साधन आहे, म्हणून ते धारावीत, कुर्ल्यात, अमरावतीत एवढ्या पटकन रुजलं. मुंबईच्या स्वदेसी या रॅप ग्रुपने ‘द वारली रिव्होल्ट’ केलं त्यात आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर स्वतः गायलेत, स्वतःच्या जंगलाविषयी. २०१९ च्या ऑक्टोबरमधे हायकोर्टाने याचिका फेटाळल्यावर एका रात्रीत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला घेतली, सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांच्या वर झाडं गेलेली होती. गाण्याने झाडं वाचली नाहीत. पण आरेत आदिवासी पाडे आहेत, तिथे माणसं पिढ्यानपिढ्या राहतात, हे मुंबईतल्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा त्या आंदोलनात आणि अशा गाण्यांमधून कळलं, माझ्या वर्कशॉपमधल्या निम्म्या पोरांना ते तसंच कळलं होतं.

तुझ्या मित्रांचं, म्हणजे रॅपने काय बदलतं याचं. ट्युनिशियात स्फाक्स शहरातल्या हमादा बेन अमोर नावाच्या पोराने, रॅपचं नाव एल जनराल, नोव्हेंबर २०१० मधे फेसबुकवर एक गाणं टाकलं, थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून, की तुमची जनता मरतेय, लोक कचऱ्यातलं खातायत, बघा जरा. पुढच्याच महिन्यात एका फेरीवाल्याने पोलिसांच्या जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतलं आणि देश रस्त्यावर आला. ६ जानेवारी २०११ ला पोलिसांनी एल जनरालला उचललं, लोकांच्या दबावामुळे काही दिवसांत सोडलं, आणि १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. सत्ता गाण्याने पडली असं कुणी म्हणू नये, ती महागाईने, बेकारीने आणि रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी पाडली. पण मोर्च्यातल्या पोरांच्या तोंडी ते गाणं होतं. गाणं एवढंच करतं, जे प्रत्येकाला घरात बसून वाटतंय ते एकाच शब्दांत सगळ्यांच्या तोंडी देतं. मला हे कमी वाटत नाही.

आणि ह्याची किंमत पण असते, ती न सांगता तुला पुढे ढकलणं मला जमणार नाही. इराणमधे रॅपर तूमाज सालेहीला २०२२ च्या आंदोलनात पकडलं, एप्रिल २०२४ मधे फाशी सुनावली, जूनमधे वरच्या कोर्टाने ती रद्द केली आणि डिसेंबरमधे तो सुटला. क्युबात रॅपर मायकेल ओसोर्बोला नऊ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या पुण्यातल्या कबीर कला मंच या गाणाऱ्या पथकाच्या शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मधे विधानभवनाबाहेर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले, यूएपीए म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याची केस होती, शीतलताईंना त्याच वर्षी जामीन मिळाला पण सचिन माळींना २०१७ उजाडावं लागलं. रॅपचं म्हणशील तर एप्रिल २०२३ मधे छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, गाण्यात खोक्यांचा आणि चोरांचा उल्लेख होता, नाव कुणाचंच नव्हतं. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडेवर वडाळ्याला केस झाली. म्हणजे तुझ्या घरच्यांची भीती हवेतली नाही, त्यांना उलट बोलू नकोस.

पण कायदा नीट समजून घेतलास तर भीती अर्ध्यावर येते. घटनेच्या १९(१)(अ) मधे बोलायचा हक्क आहे आणि १९(२) मधे त्याच्यावर मर्यादा कुठल्या कारणांनी घालता येतात ते दिलंय, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, सभ्यता, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. सरकार नाराज झालं हे त्या यादीत कुठेच नाही. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरावर लावायचे ते आयटी ॲक्टचं ६६ए कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय, कुणी त्याचा धाक दाखवला तर ते कलम अस्तित्वातच नाही हे माहीत असू दे. जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात गाण्यावर साधारण जी कलमं लावतात ती अशी की १९६ म्हणजे गटागटांत वैर पसरवणं, ३५२ म्हणजे शांतता भंग व्हावी म्हणून केलेला अपमान, ३५३ म्हणजे अफवा किंवा भडकावणारं विधान, आणि ३५६ म्हणजे बदनामी.

तुझ्या सगळ्यात कामाचा निकाल २८ मार्च २०२५ चा आहे. शायर आणि खासदार इम्रान प्रतापगढींनी एका व्हिडिओमागे कविता लावली म्हणून गुजरातमधे गुन्हा झाला होता, तो सुप्रीम कोर्टाने रद्द केला. कोर्टाने सांगितलं की असे तीन ते सात वर्षं शिक्षेचे बोलण्या-लिहिण्याचे गुन्हे असतील तर एफआयआर आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नाही. हे माप कुठून आलंय माहितीये? आपल्या नागपूर हायकोर्टातून, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मधे भगवतीचरण शुक्ल प्रकरणात लिहिलं होतं, म्हणजे इंग्रजांचं राज्य असताना. मला हा निकाल वाचून खरंच उभारी आली होती, त्याची प्रिंट मी वर्कशॉपला घेऊन जातो.

याचा अर्थ काहीही चालतं असा मात्र नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या गांधींवरच्या कवितेच्या प्रकरणात २०१५ मधे सुप्रीम कोर्टाने ऐतिहासिक महापुरुषांच्या तोंडी अश्लील भाषा घालायला काव्यस्वातंत्र्याचं संरक्षण नाही असं म्हटलं, मला तो निकाल पटत नाही पण तो आहे. म्हणून माझी पद्धत अशी, पदावर टीका बिनधास्त कर, कारभारावर कर, पण एखाद्या माणसाचं नाव घेऊन त्याने पैसे खाल्ले असं म्हणायचं असेल तर हातात कागद पाहिजे, नसेल तर प्रश्न म्हणून विचार. मारा, जाळा, तोडा असली आज्ञा ओळीत नको. कुठल्या जातीला धरून ओळ नको. वही, माहिती अधिकाराचं उत्तर, फोटो तारखेसकट जपून ठेव. आणि गाणं टाकल्यावर पोलीस स्टेशनमधून फोन आला तर नुसत्या फोनवर व्हिडिओ डिलीट करून टाकू नकोस, लेखी नोटीस मागायची, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा अटकेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) ३५(३) ची, म्हणजे हजर राहण्याची, नोटीस येते, ती घेऊन वकिलाबरोबर जायचं. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. केस टिकत नाही हे खरं असलं तरी तारखांना चकरा मारण्यातच माणूस दमतो, म्हणून वकिलाचा नंबर गाणं टाकायच्या आधी खिशात पाहिजे, नंतर नाही. आणि घरच्यांना हे सगळं समोर बसवून सांग, त्यांच्यापासून लपवून टाकू नकोस.

हिंदीत करू का मराठीत असंही तू शेवटी विचारलंयस. मराठीतच कर, आणि प्रमाण मराठीत पण नको, तुझ्या आईशी बोलतोस त्या बोलीत कर. अमरावतीचा रॅपर हंड्रेड आरबीएच वऱ्हाडीत बोलतो तेव्हा जो दाब येतो तो त्याच ओळी पुस्तकी मराठीत केल्या तर निम्मा होईल. व्ह्यूज हिंदीत जास्त मिळतील हे मान्य, पण तुझा टँकर ज्या तहसील ऑफिसातून सुटतो तिथला माणूस मराठी ऐकतो.

रेकॉर्डिंगच्या आधी गाणं गावात म्हणून दाखव, पारावर, ब्लूटूथ स्पीकर पुरतो. रांगेतल्या बायकांना मुद्दाम बोलव. खेपा किती येतात, कुठल्या दिवशी टँकर आलाच नाही, कुठल्या वस्तीला पाणी शेवटी मिळतं किंवा मिळतच नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्या चुकलेली ओळ जागच्या जागी पकडतील आणि दुसऱ्या व्हर्सचा माल पण त्याच देतील. ते सगळं झालं की सुधारलेल्या ओळी परत पाठव, बीपीएम किती ठेवलास तेही लिही.